भाव पोहोचला, माप मागे राहिलं

वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेतलं एक काजूचं दुकान डोळ्यांसमोर आणा. घाऊक माल येतो डब्याने, गल्ल्यावर विकला जातो किलोने आणि वेबसाइटवर जातो २५० ग्रॅमच्या पाकिटात. हिशेबाला सोपं म्हणून डब्याचा भाव ८,५०० रुपये धरू. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये भाव बदलला की तो रात्री आपोआप वेबसाइटवर चढतो. पण वेबसाइटच्या ‘किंमत’ या रकान्यात फक्त आकडा मावतो. तो डब्याचा, किलोचा की पाकिटाचा, हे त्या आकड्यावर लिहिलेलं नसतं. सकाळी पाव किलोच्या पाकिटाखाली ८,५०० रुपये दिसतात.

ही चूक मोठी आहे, म्हणूनच ती कमी धोक्याची. पहिलं गिऱ्हाईक फोन करून विचारतं आणि तासाभरात दुरुस्ती होते. खरं नुकसान करते ती लहान चूक.

काजूगराच्या व्यापारात पौंड अजून जिवंत आहे. डब्ल्यू-३२० या प्रतीचा अर्थच मुळी एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर. जुना डबाही २५ पौंडांचा, म्हणजे ११.३४ किलोचा. आज १० किलोचे डबेही सर्रास मिळतात. आता सॉफ्टवेअरमध्ये कधीकाळी ‘१ डबा = ११.३४ किलो’ असं भरलेलं असेल आणि दुकानात डबे १० किलोचे येत असतील, तर काय होईल? किलोचा खरा भाव ८५० रुपये, वेबसाइट काढेल ७४९.५६. पाकीट २१२.५० ऐवजी १८७.३९ रुपयांना जाईल. एका डब्यात अशी ४० पाकिटं, म्हणजे डब्यामागे हजार रुपयांचा फटका. गिऱ्हाइकाला स्वस्त पडतंय, त्यामुळे तक्रार कोणीच करत नाही. दुकानदाराला ते कळतं वर्षअखेरीस, हिशेब जुळेना झाल्यावर.

डबा हे माप नव्हे

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. किलोत १,००० ग्रॅम आणि डझनात १२ नग, हे नातं जगभर, प्रत्येक मालाला एकच. डबा, पेटी, पोतं, बॉक्स यांचं तसं नाही. हापूसची पेटी चार डझनांची असते, पाच किंवा सहा डझनांचीही. ही मापं नव्हेत, ही भांडी आहेत. त्यांचं वजनाशी किंवा नगांशी नातं प्रत्येक मालाला वेगळं, आणि ते त्या मालापुढेच नोंदवायला लागतं. सगळ्या दुकानाला मिळून एकच ‘डबा’ ठेवला, की घोळ ठरलेलाच.

आपल्या आजी-आजोबांना हे शिकवावं लागत नव्हतं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. ही धान्य भरून मोजायची मापं. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे सारख्या वजनाचे नसतात, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. तेलाचंही तेच. लिटरभर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. म्हणूनच २०२२ मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेल उत्पादकांना पाकिटावर तापमानाचा उल्लेख न करता माप आणि त्यासोबत वजन छापायला सांगितलं. ‘१ लिटर = १ किलो’ असं संगणकात भरणारा दुकानदार पाण्याचा नियम तेलाला लावत असतो.

शेवटचे दोन अंक

दुसरी गफलत पूर्णांकनाची. वेष्टनबंद मालाच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पाकिटावर एकक विक्री किंमत छापणं आलं: किलोपेक्षा कमी मालाला दर ग्रॅमचा भाव, जास्त मालाला दर किलोचा, दोन दशांश स्थळांपर्यंत. काजूच्या पाकिटावर ती ८५ पैसे ग्रॅम अशी येईल. गिऱ्हाइकाला दोन पाकिटांची तुलना करता यावी, हा तिचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण हा छापायचा आकडा आहे, त्यावरून पुढचा हिशेब करायचा नाही. २८ रुपये किलोच्या मिठाचा ग्रॅमचा भाव ०.०२८ रुपये. दोन स्थळांत तो ०.०३ झाला आणि संगणकाने त्यावरून पुन्हा किलोचा भाव काढला, तर मीठ ३० रुपये होतं. ६२ रुपयांचा तांदूळ त्याच रीतीने ६० वर येतो. म्हणून गुणाकार-भागाकार पूर्ण आकड्यांनी करावेत आणि पैसे सर्वांत शेवटी जुळवावेत.

वजनाच्या रकान्यातही अशीच फसगत होते. कुरिअरसाठी डबीसकट ३०० ग्रॅम भरलेले असतात आणि दर काढताना तेच घेतले जातात. मग ८५० रुपये किलोचा काजू ७०८ रुपयांचा दिसतो. निव्वळ वजन आणि पाठवणीचं वजन हे दोन रकाने वेगळेच हवेत.

उपाय अवघड नाही. प्रत्येक मालाला एकच पायाभूत एकक ठरवा. काजूला ग्रॅम, आंब्याला नग, कापडाला मीटर. भाव आणि शिल्लक दोन्ही त्याच एककात सांभाळा. शिल्लक विसरलात, तर ४ डबे वेबसाइटवर ‘४ पाकिटं’ होऊन बसतील आणि उरलेल्या १५६ पाकिटांचा माल मांडणीवर पडून राहील. डब्याचं वजन बदललं तर जुनी नोंद खोडू नका, नव्या डब्याला नवी नोंद द्या. भाव चढवण्याआधी संगणकाला एकच प्रश्न विचारायला लावा: कालच्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक आहे का? असेल, तर माणसाने पाहिल्याशिवाय भाव पुढे जाऊ नये.

‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपण लबाडीसाठी वापरतो. इथे लबाड कोणीच नसतो, तरी कुणाच्या तरी पदरात माप कमी पडतंच. मंडईत उभं राहून ऐका. भाजीवाली नुसतं ‘वीस रुपये’ कधीच म्हणत नाही, ‘वीस रुपये पाव’ म्हणते. भाव आणि माप एकाच दमात. आपल्या संगणकांनाही तेवढंच शिकवायचं आहे.