फॉरमॅट मारण्याआधी : हार्ड डिस्क गेल्यावर जुना संगणक पुन्हा कसा उभा करायचा



आजचा विषय तसा घरगुती आहे. दहा-बारा वर्षांचा जुना संगणक. एके दिवशी सुरू करायला जावं, तर काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. आपण तो उचलून दुकानात नेतो. दुकानदार म्हणतो, "काही नाही, फॉरमॅट मारू, नवीन विंडोज टाकू, संध्याकाळी घेऊन जा." संध्याकाळी संगणक खरंच चालू होतो. फक्त आत आपलं काहीच नसतं. मुलांचे फोटो नाहीत, सोसायटीचे हिशेब नाहीत, वडिलांनी टाइप करून ठेवलेल्या आठवणी नाहीत.

आता यात दुकानदार खोटं बोलला का? नाही. त्याला 'चालू करून द्या' असं सांगितलं होतं, त्याने चालू करून दिलं. गोम इथेच आहे. संगणक चालू करणं हे एक काम, आणि त्यातलं आपलं सामान परत मिळवणं हे दुसरं काम. पहिलं काम आधी उरकलं, तर दुसरं बहुतेक वेळा कायमचं हातचं जातं. आज एवढी एक गोष्ट तुमच्या लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं. बाकी सगळा तिचाच तपशील आहे.

डिस्क जाते म्हणजे काय होतं?

हार्ड डिस्क हे यंत्र आहे. अगदी फिरणारं, घासणारं, झिजणारं यंत्र. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. आज लॅपटॉपमधल्या डिस्कमध्ये अडीच इंची एक-दोन तबकड्या असतात, पण तत्त्व तेच. तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक वाचक-हात सरकतो. लॅपटॉपची साधी डिस्क मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हाताचं टोक तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. माणसाचा केस हजारो नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंतराची कल्पना करा. दहा वर्षं हे चालतं, हेच खरं तर नवल.

बिघाड ढोबळमानाने चार प्रकारचे असतात. पहिला, डिस्क ठणठणीत आहे, पण विंडोजच्या फायली बिघडल्यात. दुसरा, तबकडीवरचे काही भाग कमजोर झालेत. अशा वेळी संगणक मध्येच गोठतो, एक फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागतात. तिसरा, वाचक-हातच बिघडलाय. मग टक्-टक्-टक् असा ठरावीक लयीत आवाज येतो. चौथा, डिस्कला वीजच पोहोचत नाही. कधी तिचं सर्किट जळलेलं असतं, तर कधी नुसती केबल सैल असते.

ओळखायचं कसं? संगणक सुरू होताना बायोसमध्ये जा. बहुतेक यंत्रांवर त्यासाठी एफ-२ किंवा डिलीट ही कळ असते. तिथे डिस्कचं नाव दिसतंय का बघा. नाव दिसतंय आणि आवाज नाही, तर आशा बरीच आहे. नाव दिसत नाही, तर आधी केबल काढून पुन्हा बसवा. आणि टक्-टक् आवाज येत असेल, तर वीज बंद करा आणि हात लावू नका. त्या अवस्थेत प्रत्येक मिनिटाला तबकडी खरवडली जाण्याचा धोका असतो.

पहिल्या तासात काय करू नये

लोक घाबरून जे करतात, त्यानेच जास्त नुकसान होतं. एक, पुन्हा पुन्हा बंद-चालू करून बघणं. आजारी डिस्ककडे मोजके श्वास उरलेले असतात, ते विंडोज सुरू करण्यात घालवू नका. दोन, विंडोजची डिस्क-दुरुस्ती चालवणं. ती दुरुस्ती फाइल-व्यवस्थेची असते, तबकडीची नव्हे. मरायला टेकलेल्या डिस्कवर ती चालवली, तर डिस्कला अफाट मेहनत पडते आणि वर लिहिलंही जातं. तीन, फ्रीजरमध्ये ठेवणं. हा उपाय फार फिरतो, पण आपल्या दमट हवेत गार डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं. चार, घरी डिस्क उघडणं. धुळीचा एक कण पुरतो. आणि पाच, त्याच डिस्कवर पुन्हा विंडोज टाकणं. जिथे नवीन लिहिलं गेलं, तिथलं जुनं संपलं.

मग करायचं काय? दुसऱ्या चांगल्या संगणकावर एक लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करायचा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांच्या अधिकृत संकेतस्थळावर हे फुकट मिळतं. या पेनड्राइव्हवरून आजारी संगणक सुरू केला, तर संपूर्ण लिनक्स पेनड्राइव्हवरून चालतं आणि आतली डिस्क नुसती एक सामानाची पेटी म्हणून बाजूला दिसते. सुरू होतानाच्या यादीत पेनड्राइव्ह निवडायला एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, अशी कंपनीगणिक वेगळी कळ असते. एक जपा, आत गेल्यावर 'इन्स्टॉल' या चित्रावर क्लिक करायचं नाही. आपण फक्त बघायला आलोय.

तिथे 'डिस्क्स' नावाचं साधन असतं, ते डिस्कची प्रकृती सांगतं. प्रत्येक डिस्क स्वतःची एक नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात दोन आकडे बघा. किती खराब जागा बदलून घेतल्या, आणि किती जागा वाचता येत नाहीत म्हणून प्रतीक्षेत आहेत. हे आकडे शून्य असतील, तर बिघाड बहुधा विंडोजचा आहे. वाढत असतील, तर घाई करा.

आता बाहेरची डिस्क जोडून सामान उतरवायचं. जे पुन्हा कुठेच मिळणार नाही ते आधी. चित्रपट राहू द्या, ते परत मिळतील. सी ड्राइव्हमध्ये युजर्स, त्यात तुमचं नाव, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. टॅली वापरत असाल, तर तिचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, तो विसरू नका. आणि विंडोज फोल्डरच्या आतलं फॉन्ट्स हे फोल्डरही उचला. ते कशाला, ते पुढे सांगतो.

कॉपी मध्येच अडत असेल, तर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे. साधी कॉपी खराब जागेपाशी हट्टाने थांबून राहते. हा शहाणा आहे. पेपर सोडवताना आपण सोपे प्रश्न आधी सोडवतो, तसा तो आधी वाचता येणारं सगळं उचलतो, अवघड जागा टिपून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. मध्ये वीज गेली, तरी त्या टिपणावरून पुढे सुरू करता येतं. मात्र कुठली डिस्क मूळ आणि कुठली नक्कल, हे त्याला सांगताना उलटसुलट झालं तर सगळंच जाईल. खात्री नसेल तर जाणकार माणूस शेजारी बसवा.

टक्-टक् करणारी डिस्क मात्र घरचं काम नाही. डेटा-रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत ती उघडतात. खर्च मोठा असतो आणि यशाची हमी नसते. तेव्हा आतल्या सामानाचं मोल आपल्याला किती, हे आधी ठरवावं.

आता नवी डिस्क, नवी व्यवस्था

सामान सुखरूप उतरलं, की पुढचं काम तुलनेने सोपं आहे. जुनी डिस्क संगणकातून काढून ठेवा. नुसती बाजूला नाही, बाहेर. म्हणजे इन्स्टॉल करताना चुकून तिच्यावर फॉरमॅट होण्याची शक्यताच उरत नाही.

नवीन घेताना फिरणारी डिस्क घेऊ नका, एसएसडी घ्या. हिच्यात फिरणारं काही नसतं. जुन्या संगणकाला एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. २०१० नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते. फार जुन्या यंत्रांत रुंद पट्टीची आयडीई केबल असते, तिथे आधी विचारून घ्या.

व्यवस्था कुठली टाकायची? विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणजे संगणक चालायचा थांबत नाही, पण सुरक्षेची भोकं बुजवणं थांबतं. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय, किमान ४ जीबी मेमरी आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. दहा-बारा वर्षांचं यंत्र त्यात अधिकृतपणे बसत नाही. म्हणून ब्राउझर, पत्रं, फोटो, व्हिडिओ एवढंच काम असेल, तर लिनक्स मिंट उत्तम. टॅलीसारखं विंडोजवरच चालणारं काही हवं असेल, तर विंडोज ठेवा, पण बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

परवान्याचं काय? विंडोज ७च्या काळात लॅपटॉपच्या पोटावर स्टिकर असे, त्याचा फोटो काढून ठेवा. विंडोज ८पासून कंपनीने भरलेली किल्ली बहुतेक यंत्रांत मदरबोर्डवरच असते, म्हणून डिस्क बदलली तरी परवाना जात नाही. तेव्हा क्रॅक केलेलं विंडोज कुणी देऊ केलं तर घेऊ नका. फुकटच्या कुलूपवाल्याकडे आपल्या घराची दुसरी किल्ली असू शकते.

एक छोटी अडचण मोठा छळ करते. जुन्या संगणकातला बटण-सेल, सीआर २०३२, संपलेला असतो. मग घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं अवैध वाटतात, एकही पान उघडत नाही, अपडेट होत नाही, आणि आपण नव्या विंडोजला दोष देत बसतो. स्वस्तातला सेल बदला.

फाइल आली, पण वाचता येईना

ही अडचण खास आपली, मराठी माणसांची. फाइल उघडली, तर आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. लोकांना वाटतं, फाइल खराब झाली. नाही झालेली. देवनागरी १९९१ सालीच युनिकोडमध्ये आली, पण आपल्याकडे पुढची कित्येक वर्षं टंकलेखन श्रीलिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर आणि डीव्हीबी-टीटी योगेशसारख्या फॉन्टमध्ये होत राहिलं. त्या फायलींत प्रत्यक्षात इंग्रजीचे संकेत साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार रंगवतो. फॉन्ट गेला की सोंग उतरतं. विंडोज नव्याने टाकलं की हे फॉन्ट हमखास जातात, म्हणून मघाशी फॉन्ट्सचं फोल्डर उचलायला सांगितलं. तो फॉन्ट बसवा, मजकूर जसाच्या तसा दिसेल. मग सवडीने परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार नजरेखालून घाला, तिथे चुका राहतात.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

प्रश्न : एसएसडी टाकली की काळजी मिटली ना?

नाही हो. हार्ड डिस्क जाताना कण्हते तरी, एसएसडी कित्येकदा न सांगता जाते. आणि तिच्यातलं पुसलेलं परत मिळवणं जास्त अवघड. म्हणून महत्त्वाच्या गोष्टीच्या दोन प्रती वेगवेगळ्या वस्तूंवर हव्यात, आणि त्यातली एक घराबाहेर. एकाच डिस्कवर दोन फोल्डर म्हणजे दोन प्रती नव्हेत.

प्रश्न : जुनी डिस्क भंगारात द्यायची का?

लगेच नको. काही महिने ठेवा. "अरे, ती एक फाइल राहिली" हे नेहमी उशिरा आठवतं. नंतर देताना मात्र तबकडीला भोक पाडून, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. तुमची बँकेची पत्रं अजून तिच्यावर आहेत.

आणि तोपर्यंत, संगणक दुकानात न्यायची वेळ आलीच, तर 'चालू करून द्या' म्हणू नका. "आधी आतलं सगळं काढून द्या, मला उघडून दाखवा, मग फॉरमॅट मारा," असं सांगा. शक्य असेल तर कागदावर लिहून द्या.