परक्या देशाचा पाठ : नेदरलँड्सच्या निमित्ताने

प्राथमिक शाळेत परदेशाचा पाठ बहुधा तीन-चार नवलांवर उरकला जातो. जपान म्हणजे भूकंप आणि कागदी कंदील, ईजिप्त म्हणजे पिरॅमिड आणि उंट, हॉलंड म्हणजे पवनचक्क्या, लाकडी जोडे आणि ट्यूलिपची फुले. मुले ही नवले पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि विसरतात. विसरली तर फारसे बिघडत नाही. परंतु तिकडची माणसे विचित्र, त्यांचे खाणे विचित्र, एवढा एक समज मात्र मागे उरतो आणि तो विसरला जात नाही. नवलाच्या पोटी कधी भाबडे कौतुक येते, कधी तुच्छता येते. ओळख येत नाही.

ओळख व्हावयाची तर त्या देशाच्या भूमीने तेथील माणसांपुढे कोणता प्रश्न घातला आणि त्यांनी तो कसा सोडविला, येथून पाठास प्रारंभ करावा लागतो. वेष, अन्न, सण, खेळ ही सर्व त्या उत्तराची अंगे म्हणून मग आपोआप पुढे येतात. नेदरलँड्स हा देश या दृष्टीने शिक्षकास फार सोयीचा आहे. तेथील मुख्य प्रश्न एकच आहे, आणि तो चौथीच्या मुलासही परातीत करून दाखविता येतो.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करावा. 'हॉलंड' हे त्या देशाच्या बारा प्रांतांपैकी दोन प्रांतांचे नाव; सबंध देश तो नेदरलँड्स, म्हणजे सखल प्रदेश. आपल्या जुन्या कागदपत्रांत या लोकांस 'वलंदेज' म्हटलेले आढळते, आणि सतराव्या शतकातील त्यांच्या वखारीचे अवशेष वेंगुर्ल्यास आजही उभे आहेत. तेव्हा हा देश आपणांस अगदीच अनोळखी नाही. त्याचे क्षेत्रफळ पाण्यासह सुमारे ४१,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे एकट्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अडीच पटींहूनही थोडे कमी. लोकसंख्या मात्र १ कोटी ८० लाखांच्या घरात. युरोपातील मुख्य भूमीवरचे सर्वांत उंच ठिकाण ३२२ मीटरांचे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, हे मुलांना ठाऊक असेल तर फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी लिहिणे पुरे. देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि सर्वांत खोल जागा जवळजवळ पावणेसात मीटर खाली. येथे वर्गातील एखादे मूल विचारीलच, "मग तो बुडत का नाही?" हा प्रश्न शिक्षकाने आपण होऊन विचारू नये, मुलाकडून येईपर्यंत थांबावे.

प्रश्न आला की परात घ्यावी. चिकणमातीत थोडी वाळू मिसळून परातीच्या मध्यभागी गोल बांध घालावा आणि बांधाच्या आत व बाहेर सारखेच पाणी ओतावे. आता एका मुलाने वाटीने आतले पाणी काढून बाहेर टाकावे. तळ उघडा पडला की त्यावर काड्यांची झाडे आणि काड्यापेटीचे घर ठेवावे. बाहेरचे पाणी घराच्या उंबऱ्याहून उंच आहे, हे मुलांनी परातीच्या काठाशी डोळे आणून पाहावे. अशा बांध घालून उपसलेल्या भूमीस तेथे 'पोल्डर' म्हणतात. परात नंतर रिकामी करू नये, कोपऱ्यात तशीच ठेवून द्यावी.

खाडीकाठच्या शाळांना हे नवे वाटणार नाही. कोकणातील खारजमीन आणि गोव्यातील खाजन शेती याच जातीची आहे. भरतीचे खारे पाणी बांधाने अडवावयाचे आणि ओहोटीच्या वेळी आतले गोडे पाणी दाराने बाहेर सोडावयाचे. हे दार कोकणात 'उघाडी' आणि गोव्यात 'मानस' या नावाने ओळखले जाते. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. नेदरलँड्सच्या शेतकऱ्यांनीही मध्ययुगात हीच युक्ती केली होती. शक्य असेल तेथे परातीऐवजी वर्गच उघाडीवर न्यावा. आपल्या गावचा बांध पाहिलेल्या मुलास दूरचा देश समजण्यास वेळ लागत नाही.

पुढचा भाग कठीण, पण वगळू नये. तेथील बरीचशी जमीन कुजलेल्या वनस्पतींची, दलदलीची. अशा जमिनीतील पाणी काढून टाकले की ती सुकते, आकसते आणि खचते. जमीन खचली की पाणी पुन्हा वर येते, म्हणून आणखी उपसा; उपसा वाढला की जमीन आणखी खाली. काही शतकांत ती इतकी खाली गेली की ओहोटीच्या वेळीही पाणी आपोआप वाहून जाईना. तेव्हा पवनचक्की कामास आली. ती दळणासाठी होती तशी पाणी उचलण्यासाठीही होती. एक चक्की थोडेच उचलू शकते, म्हणून एकीपुढे एक अशा रांगेने त्या पाणी चढवीत. किंडरडाइक येथे अशा १९ चक्क्या आजही आहेत. १६१२ साली बीमस्टर नावाचे मोठे सरोवर पवनचक्क्यांनी कोरडे केले गेले. १८४९ ते १८५२ या काळात त्याहूनही मोठे हार्लेमचे सरोवर वाफेच्या पंपांनी उपसले. ॲम्स्टरडॅमचा विमानतळ आज त्याच सरोवराच्या तळावर उभा आहे. आता हे काम विजेचे व तेलाचे पंप करतात. तेथे पाऊस वर्षाकाठी ८०० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे पुण्याहून थोडासाच अधिक. पण तो आपल्यासारखा चार महिन्यांत पडून थांबत नाही, बाराही महिने थोडा थोडा पडतो. म्हणून उपसाही बारमाही चालतो.

या शतकानुशतकांच्या खटाटोपातून तेथील समाजाचे वळण घडले आहे, आणि संस्कृतीचा पाठ खरा येथे सुरू होतो. बांध शंभर ठिकाणी बळकट असून भागत नाही. एका ठिकाणी खांड पडली की सर्वांची शेते बुडतात. सरदाराचे शेत आणि कुळाचे शेत पाणी निराळे ओळखीत नाही. त्यामुळे तेराव्या शतकापासूनच तेथे बांध व पाणी सांभाळणारी स्थानिक मंडळे निर्माण झाली. प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा ठरावीक तुकडा दुरुस्तीस असे. ज्यास ते झेपत नसे त्याने आपले फावडे बांधात रोवून जमीन सोडून जावे, आणि जो ते फावडे उपटून घेईल त्याची ती जमीन व ते ओझेही, असा कठोर रिवाज काही भागांत होता. ही मंडळे आज २१ आहेत. ती स्वतंत्र कर बसवितात आणि त्यांच्यासाठी चार वर्षांनी मतदान होते. आपल्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी आपसांत नियम करून वाटून घेतले, पाटकरी नेमले. धुळे-नाशिककडील शिक्षकांस खाडीच्या बांधापेक्षा हेच उदाहरण जवळचे वाटेल.

बंधाऱ्याच्या भोकात बोट घालून रात्रभर बसून राहिलेल्या आणि गाव वाचविणाऱ्या डच मुलाची गोष्ट आपल्याकडेही सांगितली जाते. शिक्षकांनी ती जपून हाताळावी. ती प्रसिद्धीस आली मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५ सालच्या कादंबरीतून. तेथील बांध म्हणजे मातीची रुंद धरणेच असतात. त्यांत बोटाएवढे भोक पडत नाही आणि पडले तर बोटाने बुजत नाही. प्रवासी शोध घेत येऊ लागले म्हणून १९५० साली स्पारनडॅम गावी त्या मुलाचा पुतळा मात्र उभा राहिला. गोष्ट गोड आहे, पण ती त्या देशाविषयी नेमके उलटे शिकविते. तो देश एका मुलाच्या बोटाने वाचलेला नाही. दरवर्षी सर्वांनी माती टाकल्याने वाचलेला आहे.

आणि ती टाकण्यात कसूर झाली तेव्हा काय झाले, हेही सांगावे. ३१ जानेवारी १९५३ ची रात्र होती. वायव्येचे वादळ आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली. नैर्ऋत्येकडील झेलंड प्रांतात व आसपास बांध जागोजाग फुटले. बांध कमी उंचीचे व दुबळे आहेत, हे जाणत्यांस ठाऊक होते. युद्धानंतर पैसा इतर कामांकडे गेला होता. रात्री नभोवाणी बंद असे, त्यामुळे कित्येकांस झोपेतच पाण्याने गाठले. त्या देशात १,८३६ माणसे मृत्यू पावली. त्याच रात्री देशाच्या सर्वांत सखल भागाजवळ एका बांधास भगदाड पडले, तेव्हा एका नावाड्याने आपली नौका त्यात आडवी घालून ते बुजविले. बोटाच्या कल्पित गोष्टीऐवजी ही घडलेली गोष्ट सांगावी. आणि त्या बांधाच्या दुसऱ्या भागावर गावकरी वाळूच्या पोत्यांनिशी उभे होते, हेही वगळू नये.

त्यानंतर समुद्राची मुखे बंद करण्याची प्रचंड योजना हाती घेतली गेली. त्यापूर्वीच, १९३२ साली, ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून एक उपसागर अडविलेला होता. त्याचे गोड्या पाण्याचे सरोवर झाले आणि त्यातून काढलेल्या भूमीचा १९८६ साली फ्लेवोलँड नावाचा प्रांत बनला. तिकडेच स्खॉकलँड नावाचे जुने बेट आहे. समुद्राच्या भयाने १८५९ साली तेथील वस्ती उठविली होती. आज त्याच्या चहूबाजूंस शेते आहेत. नव्या योजनेत मात्र ऑस्टरस्खेल्ड या मुखाशी वाद उभा राहिला. ते कायमचे बुजविले तर खारे पाणी जाईल, शिंपले व मासे जातील, असे कोळी आणि निसर्गप्रेमी म्हणू लागले. अखेर तेथे ६२ पोलादी दारे बसविण्यात आली. १९८६ सालापासून ती एरव्ही उघडी असतात आणि वादळात तेवढी मिटतात. वरच्या वर्गात या प्रश्नावर मुलांचे दोन पक्ष करून वाद घालावा. १९९३ व १९९५ सालच्या नद्यांच्या पुरांनंतर तर काही ठिकाणी बांध मागे सरकवून नदीस जागा मोकळी करून देण्यात आली आणि शेतकऱ्यांची घरे मातीच्या उंच टेकाडांवर बांधली गेली. बांध घालण्यापूर्वी त्यांचे पूर्वज तसेच टेकाडांवर राहत असत.

मुलांच्या जीवनाकडे आता वळावे. तेथील मुले पोहण्यास शिकतात आणि त्याची प्रमाणपत्रे मिळवितात. परीक्षेत अंगावरील कपड्यांनिशी पोहून दाखवावे लागते, कारण कालव्यात पडणारे मूल पोहण्याचा पोषाख घालून पडत नाही. पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहणे शिकलेल्या मुलास याचे मर्म चटकन कळेल. जमीन सपाट, म्हणून सायकल सर्वांची. त्या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. देश ५२ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि मुले अंधारातच दिवे लावून शाळेस जातात; जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. वाढदिवसाला मूल वर्गात खाऊ वाटते, आणि घरी अभिनंदन त्याचे एकट्याचे नव्हे, तर आईबाप, आजीआजोबा सर्वांचे होते. दुपारचे जेवण बहुधा थंडच, पाव आणि चीज. हेरिंग मासा ते थोडासा मिठात मुरवून, न शिजविता, चिरलेल्या कांद्याबरोबर खातात. येथे वर्ग हसेल. हसू दाबू नये. सोडे आणि सुके बोंबील पाहून परका माणूस काय म्हणेल, एवढेच विचारावे.

सर्व डच गोरे, असाही एक समज असतो. १८७३ पासून १९१६ पर्यंत भारतातून, मुख्यतः भोजपुरी प्रदेशातून, मजूर करारावर दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत नेले गेले. तेथील गुलामी १८६३ साली कायद्याने संपल्यावर मळ्यांना माणसे हवी होती. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांचे कितीतरी वंशज नेदरलँड्सला आले. द हेग शहरात आज होळी खेळली जाते. या देशाची श्रीमंती पाण्याशी झुंजण्यातून आली तशीच इंडोनेशिया, सुरिनाम यांसारख्या वसाहतींतूनही आली, हे वरच्या वर्गांस सरळ सांगावे. कौतुकाच्या भरात ते झाकू नये.

या पाठास तीन तास लागतात, आणि वेळापत्रकात एकच असतो, ही अडचण खरी आहे. शेवटी काही सोडावेच लागले तर क्षेत्रफळ, राजधानी आणि उत्पन्ने यांची यादी सोडावी. ती पुस्तकात आहेच. परात मात्र सोडू नये. दुसऱ्या दिवशी मुले वर्गात येतील तेव्हा कोपऱ्यातील बांधातून पाणी पाझरून काड्यापेटीचे घर ओले झालेले दिसेल. मातीत वाळू मिसळावयाची ती यासाठीच. मग वाटी कोणी घ्यावयाची, आणि परवा कोणी, हे मुलांनाच ठरवू द्यावे.