आख ओळखणारी बाई

आजची गोष्ट अमेरिकेतली, तीही सिनेमातली. १९९२ सालच्या 'माय कझिन व्हिनी' या सिनेमात दोन पोरांवर खुनाचा खटला चालतो. साक्षीदार सांगतात, दुकानासमोरून फिकट हिरवी, उघड्या टपाची गाडी पळाली. पोरांची गाडीही तसलीच, १९६४ ची ब्युइक स्कायलार्क. देहदंड होणार अशी वेळ येते. तेव्हा साक्षीला उभी राहते मोना लिसा व्हिटो. पार्लरमध्ये काम केलेली, पण मेकॅनिकांच्या घरात वाढलेली. रस्त्यावरच्या चाकांच्या खुणांचा फोटो पाहून ती सांगते, पळाली ती गाडी ही नव्हेच. सरकारी वकील तिला खोडसाळ प्रश्न विचारून पाहतो, पण ती त्यालाच गप्प करते.

तिने फोटोत पाहिलं काय?

मळणीची पात आठवा. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागीच फिरतो, कडेचा बैल मात्र धावतो. गाडी वळते तेव्हा चाकांचंही तसंच होतं, बाहेरच्याला जास्त पळावं लागतं. म्हणून मोटारीच्या मागच्या आखात मधोमध दातेरी चाकांचा संच असतो, डिफरन्शिअल. त्यामुळे दोन्ही चाकं आपापल्या गतीने फिरतात. पण त्याला एक खोड आहे. एक चाक चिखलात घसरलं की तेच गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म राहतं. ट्रॅक्टर रुतल्यावर आपण हे पाहतोच. त्यासाठीच ट्रॅक्टरला डिफरन्शिअल लॉकचं पेडल असतं. (ते सरळ जातानाच दाबायचं आणि वळण्याआधी सोडायचं, हे चालवणाऱ्या बायांनी विसरू नये.)

अमेरिकेत त्या काळी मध्यम गाडीत दांडगं इंजिन बसवायची हौस होती. अशा गाडीला मसल कार म्हणतात. जोर एवढा की डांबरावरही एकच चाक घसरून काळा पट्टा उमटायचा. उपाय म्हणून डिफरन्शिअलमध्ये क्लच प्लेटा घातल्या. शेव्हरलेने त्याला पॉझिट्रॅक्शन नाव दिलं. अशी गाडी दोन्ही चाकांनी सारखे पट्टे ओढते, आणि फोटोत दोन सारखे पट्टे होते.

दुसरी खूण मला जास्त पक्की वाटते. डावं चाक रस्त्याच्या कडेच्या उंचवट्यावर चढलं, तरी उजव्याची खूण सपाटच होती. बैलगाडीचा आख एकसंध असतो. एक चाक बांधावर चढलं की दुसरंही कलतं. स्कायलार्कचा आख तसाच होता, म्हणजे तिचं उजवं चाक कलून कडेवर धावलं असतं. १९६३ च्या पॉन्टियाक टेम्पेस्टची मागची चाकं मात्र सुटी-सुटी वर-खाली होत. तीही जनरल मोटर्सचीच, दिसायला तशीच. पुढच्या वर्षी टेम्पेस्टलाही एकसंध आख आला आणि तिच्यातूनच जीटीओ ही प्रसिद्ध मसल कार निघाली.

खुणा नसल्या तर? पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून भक्कम घोड्यांवर टेका (नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली हात घालू नये), गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर साधं डिफरन्शिअल, त्याच दिशेने फिरलं तर प्लेटांचं. प्लेटा झिजल्या असतील तर तेही उलट फिरून फसवतं.

जुन्या गाड्यांचे शौकीन आधी झाकणाचे बोल्ट मोजतात. शेव्हरलेच्या आखाला मागच्या झाकणावर १० किंवा १२ बोल्ट असतात, १२ वाला जास्त दणकट. फोर्डच्या नऊ इंचीला मागे उघडणारं झाकणच नसतं, आतला संच पुढून काढतात. पण आत प्लेटा आहेत का, हे बोल्ट मोजून कळत नाही. त्याला चाक फिरवूनच पाहावं लागतं, नाहीतर झाकण उघडावं लागतं.