इंपालाचा गिअरबॉक्स

द्वितीय वर्ष, कला

वर्गात कोणी 'तुझे वडील काय करतात?' असे विचारले की पहिले वर्षभर मी 'सर्व्हिस' एवढेच उत्तर देत असे. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. बाबा परळच्या एका गल्लीतील गॅरेजात मिस्त्री आहेत. आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली ती गेलीच. पुढे बाबांची शाळा आठवीत सुटली आणि ते गॅरेजात पाने पुसायला लागले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांचे एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. त्याविषयी हा लेख आहे. कलाशाखेच्या वाचकांनी यंत्राचे नाव पाहून पान उलटू नये, अशी विनंती आहे.

गाडी होती १९६४ सालची शेवरोले इंपाला. मालक गिरगावचे, गाडी त्यांच्या आजोबांची. सव्वापाच मीटरहून लांब असलेली ती गाडी आत घेतली तरी डिकी गल्लीतच राहिली आणि दोन दिवस भाजीवाल्याची हातगाडी अडली. अशा गाड्या मुंबईला नव्या नाहीत. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ सालीच आपल्या शिवडीत मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. परदेशी कंपन्यांबाबत सरकारचे धोरण बदलल्यावर तो १९५४ साली बंद झाला. म्हणजे इंपाला हे नाव १९५८ साली जन्माला आले, तेव्हा शिवडीचे दार लागलेले होते. तरी बाहेरून आलेल्या इंपाला आपल्या रस्त्यांवर आणि हिंदी सिनेमांत दिसतच राहिल्या. १९७३ नंतर पेट्रोल महागले, तेव्हा पुष्कळ मालकांनी अशा अमेरिकन गाड्यांची मोठी इंजिने उतरवून डिझेल इंजिने बसवली. त्याबरोबर मूळचा गिअरबॉक्सही गेला. आमच्या गॅरेजात आलेली गाडी त्या लाटेतून वाचलेली होती. तिचे आठ सिलिंडरचे इंजिन मूळचे होते आणि त्यामागे पॉवरग्लाइड नावाचा स्वयंचलित गिअरबॉक्सही. मात्र त्या बॉक्सचे कवच आता तडकले होते.

स्वयंचलित म्हणजे क्लचचे पेडल नाही. मग इंजिन चालू असताना गाडी उभी कशी राहते? हा प्रश्न मी बाबांना विचारला. त्यांनी टेबलफॅन आणायला सांगितला, शेजारच्या दुकानातला दुसरा मागून आणला आणि दोन्ही समोरासमोर ठेवले. एकच चालू केला. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती हळूहळू फिरू लागली. ती बोटाने धरली तर थांबली, पण पहिला पंखा चालूच राहिला. वाऱ्याच्या जागी तेल घातले आणि दोन्ही पंखे एका बंद लोखंडी भांड्यात बसवले की झाला टॉर्क कन्व्हर्टर. दोहोंच्या मध्ये तिसरे एक छोटे चक्र असते. ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवते आणि सुटताना गाडीला जास्तीचा जोर देते. या कल्पनेचे पेटंट हेरमान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली घेतले, ते जहाजांसाठी. बाबांना फोटिंगर माहीत नाही. ते कन्व्हर्टरला 'भोपळा' म्हणतात.

भोपळ्याच्या मागे दातेरी चाकांची मांडणी असते. मधल्या चाकाला सूर्य म्हणतात, भोवतालच्या लहान चाकांना ग्रह, आणि बाहेर एक कडे. भूगोलाच्या पुस्तकातली सूर्यमालाच म्हणा. यातले कोणते चाक धरून ठेवायचे आणि कोणते सोडायचे, यावर गिअर ठरतो. धरण्याचे काम तेलाच्या दाबावर चालते. पॉवरग्लाइडला पुढे जाण्याचे दोनच गिअर असतात. मालकांनी त्याऐवजी परदेशातून टर्बो हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा बॉक्स मागवला होता. त्याचा पहिला गिअर २.५२ ला १ असा आहे. पॉवरग्लाइडचा १.८२ किंवा त्याहूनही कमी असतो. चढावर सुटताना हा फरक कळतो. दोन्ही बॉक्स एकाच कंपनीचे असल्याने इंजिनाला जोडण्याचे बोल्ट तेच, लांबीही जवळजवळ तीच, आणि मागच्या शाफ्टचे २७ दातेही तेच. मला विचाराल तर तडकलेला बॉक्स टाकू नये, कधी तरी कवच मिळेल. मालकांनी तो घरी नेला, हे बरे केले.

बॉक्सबरोबर इंग्रजी माहितीपत्रक आले होते. बाबांना इंग्रजी अक्षरे लागतात, वाक्ये लागत नाहीत. रात्री लालबागच्या आमच्या खोलीत मी एकेक परिच्छेद वाचून त्यांना मराठीत सांगत होतो. अर्ध्या वाक्यातच ते 'कळलं, पुढे' म्हणत. एका जागी मात्र त्यांनी थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. भोपळा बॉक्सच्या तोंडावर सरकवताना तो फिरवत फिरवत आत बसवायचा. आत एकामागे एक खाचा असतात आणि शेवटची खाच तेलाच्या पंपाची असते. ती लागली नाही आणि तसेच बोल्ट आवळले, तर पंप फुटतो. बॉक्स इंजिनाला टेकल्यावर भोपळा हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्यापुढे तीन ते पाच मिलिमीटर फट राहिली पाहिजे.

तिसऱ्या दिवशी जुना बॉक्स खाली आला आणि नवा जॅकवर चढला. तेल कमी पडेल म्हणून बाबा ऑपेरा हाउसच्या बाजारात गेले होते. गॅरेजातले जुने हेल्पर काका आणि मी दोघेच खाली होतो. बॉक्स आणि इंजिन यांच्यात अर्ध्या इंचाची फट राहिली. काकांनी पाना लावला. "आवळला की येतंय," ते म्हणाले. मी भोपळ्याला हात लावून पाहिला, तो हलेना. मी म्हणालो, "काका, थांबा. पंप फुटेल." ते चिडले. "कॉलेजात जातोस म्हणून मला शिकवतोस? तीस वर्षं बॉक्स चढवतोय." त्यांच्या तीस वर्षांत क्लचचे बॉक्स होते, पण हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? पंप फुटला असता तर त्याचे पैसे बाबांच्या पगारातून गेले असते आणि माझ्या तिसऱ्या वर्षाची फी त्याच पगारातून जायची होती. मी पान्यावर हात ठेवून बसलो. असे अर्धा तास गेला. काका बाहेर जाऊन विडी ओढत उभे राहिले.

बाबा आले. त्यांनी फटीत बोट घातले आणि काही न बोलता बोल्ट सोडवायला घेतले. बॉक्स मागे घेतला. चढवताना तो पुढे कलला होता आणि भोपळा एक खाच बाहेर सरकला होता. चढवण्याआधी तोंडावर आडवी पट्टी बांधून तो अडकवून ठेवावा लागतो. "पट्टी मी बांधायची राहिली," बाबा काकांना म्हणाले. मग त्यांनी माझा हात भोपळ्यावर ठेवला आणि वरून आपला. फिरवताना एकदा खट झाले, थोड्या वेळाने दुसऱ्यांदा, आणि बऱ्याच वेळाने तिसऱ्यांदा. तिसरा आवाज कानाला ऐकू आला नाही, तळहाताला कळला. पुन्हा चढवल्यावर बॉक्स बोटांच्या जोरावर इंजिनाला टेकला.

उरलेली कामे किरकोळ, पण वेळखाऊ होती. इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणारी एक नळी बॉक्सला जोडावी लागते. ती गळकी असेल तर गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडतो. कार्ब्युरेटरपासून एक केबल येते. ती असली म्हणजे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबताच बॉक्स खालच्या गिअरमध्ये उतरतो. जुन्या दांड्यावर खुणा पाच होत्या आणि नव्या बॉक्सला सहा जागा, म्हणून दांड्याची जोडणी लेथवाल्याकडून बदलून घ्यावी लागली. तेल लाल रंगाचे असते. आधी थोडे ओतायचे, मग इंजिन चालू करून बाकीचे. पातळी मोजायची ती इंजिन चालू ठेवूनच, कारण बंद केल्यावर तेल भोपळ्यातून खाली उतरते आणि पट्टी फसवते.

संध्याकाळी बाबांनी गाडी शिवडीकडे काढली. मी शेजारी, काका मागे. "पहिला," बाबा म्हणाले. मग "दुसरा." मला काहीच जाणवले नाही. पुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा इंजिनाचा आवाज किंचित खाली उतरला आणि मागून काकाच म्हणाले, "तिसरा पडला."

सकाळी गाडीखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर लाल तेलाचे दोन थेंब होते. काकांनी मला पाना दिला आणि पॅनचे बोल्ट समोरासमोरचे धरून, थोडे थोडे आवळायला सांगितले.