दुकानाचा कॉम्प्युटर उठत नाही? 'फॉरमॅट मार' म्हणण्याआधी हे वाचा



समजा, महिन्याची १८ तारीख आहे. काउंटरवर दोन गिऱ्हाईकं उभी आहेत. तुम्ही कॉम्प्युटरचं बटण दाबता आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात येतं, 'नो बूटेबल डिव्हाइस'. २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचाय आणि सगळी बिलं त्याच मशीनमध्ये आहेत.

अशा वेळी आपण ओळखीच्या पोराला फोन लावतो. तो येतो, दहा मिनिटं बघतो आणि म्हणतो, "शेठ, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारतो, तासाभरात चालू." घाईत आपणही म्हणतो, "मार बाबा." मशीन खरंच तासाभरात चालू होतं. पण टॅलीचा डेटा, उधारीची यादी, गिऱ्हाईकांचे नंबर त्यातून गेलेले असतात. हार्ड डिस्क बाजारात कधीही नवी मिळते, त्यातला हिशोब मिळत नाही. आणि जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात.

म्हणून आज आपण क्रम शिकणार आहोत. आधी तपासणी, मग डेटा, मग दुरुस्ती. हा क्रम उलटा झाला की नुकसान ठरलेलं.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

दुकान उघडण्यासारखंच आहे. आधी मशीन स्वतःचे अवयव तपासतं: रॅम, कीबोर्ड, डिस्क. हे काम बायोस नावाचा छोटा प्रोग्राम करतो, तो मदरबोर्डवरच असतो. मग बायोस डिस्क शोधतो. डिस्कवर विंडोज सुरू करणारी एक छोटी फाइल असते, ती उचलतो. आणि मग विंडोज येतं.

म्हणजे डिस्कच्या बाबतीत गाडी तीन ठिकाणी अडू शकते:

- डिस्क बायोसला दिसतच नाही.
- डिस्क दिसते, पण विंडोज सुरू करणाऱ्या फाइल बिघडल्यात.
- डिस्क दिसते, पण ती आतून मरायला लागलीय.

तिन्हींचा इलाज वेगळा आहे. फॉरमॅट हा फक्त दुसऱ्या प्रकाराचा इलाज, आणि तिथेही शेवटचा.

पायरी १: फोटो काढा, पेनड्राइव्ह काढा

स्क्रीनवर जे आलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. 'बूट डिव्हाइस नॉट फाउंड' आणि 'स्मार्ट स्टेटस बॅड' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात केबल सैल असू शकते. दुसऱ्यात डिस्क स्वतःच सांगतेय की मी जाते, डेटा घ्या.

मग मशीन बंद करून लावलेले सगळे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, डीव्हीडी काढा आणि पुन्हा सुरू करा. कधी कधी बायोस पेनड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसलेला असतो. तसं असेल तर काम इथेच संपलं.

पायरी २: बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का?

मशीन चालू करताच एक बटण पटापट दाबत राहायचं. डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, असेंबल मशीनमध्ये बहुतेक वेळा डिलीट. बाकी कंपन्यांचं सुरुवातीच्या स्क्रीनवर लिहिलेलं असतं. आत गेलात की स्टोरेज किंवा बूट या पानावर डिस्कचं नाव शोधा. फक्त बघायचं, बदलायचं काही नाही.

इथे आणखी एक गोष्ट बघा: तारीख आणि वेळ. तारीख भलतीच मागची दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. सेल संपला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, बूटचा क्रम किंवा लेगसी-यूईएफआय मोड बदलतो आणि चांगली डिस्क असूनही मशीन उठत नाही. सेल बदलायचा, सेटिंग पूर्ववत करायची, झालं. अशा मशीनला फॉरमॅट मारणं म्हणजे टायर पंक्चर म्हणून इंजिन उतरवणं.

पायरी ३: डिस्क दिसत नसेल तर केबल

डेस्कटॉप असेल तर आधी प्लग काढा, यूपीएसवर असेल तर तिथूनही. कॅबिनेट उघडा. साटा डिस्कला दोन केबल असतात: अरुंद ती डेटाची, रुंद ती पॉवरची. दोन्ही काढून नीट बसवा. जमल्यास डेटा केबल बदला आणि मदरबोर्डवर दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. आपल्या दुकानांतली धूळ आणि दमट हवा लक्षात घेता, हा उपाय आधी करून बघण्यासारखा आहे.

लॅपटॉप असेल आणि वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका.

पायरी ४: कान लावा

डिस्क फिरणारी जुन्या पद्धतीची असेल, तर आत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर न टेकता तरंगत असतं. हलकी घरघर ठीक. पण ठरावीक लयीत टक… टक… टक येत असेल किंवा घासल्यासारखा आवाज असेल, तर त्याच क्षणी मशीन बंद करा. "अजून एकदा बघू" नाही. प्रत्येक वेळी चालू केल्यावर हेड चकतीला घासून डेटा कायमचा जाऊ शकतो.

अशा डिस्कला थापट्या मारणं, फ्रीजमध्ये ठेवणं, झाकण उघडून बघणं, हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरचे उपाय विसरा. डेटा महत्त्वाचा असेल तर ती तशीच डेटा रिकव्हरी करणाऱ्या लॅबकडे द्यायची.

एसएसडी असेल तर आवाज येणार नाही. ती गुपचूप जाते. काल चालू होती, आज बायोसमध्ये नावच नाही, असंही होतं.

पायरी ५: डिस्क दिसतेय आणि आवाज नाही? आधी डेटा बाहेर

आता मोह होतो की विंडोज दुरुस्त करून बघू. थांबा. दोन मार्ग आहेत:

- डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा. साटा ते यूएसबी अडॅप्टर मिळतो. लॅपटॉपची लहान डिस्क यूएसबीच्या पॉवरवर चालते, डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो.
- उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह वापरा. दुसऱ्या मशीनवर तो बनवायचा, त्यावरून बिघडलेलं मशीन सुरू करायचं. 'ट्राय' निवडायचं, 'इन्स्टॉल' नाही. डिस्कवरच्या फाइल दिसतात, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायच्या.

सगळ्यात आधी टॅलीचं डेटा फोल्डर घ्या. कंपनीचा डेटा आकड्यांचं नाव असलेल्या फोल्डरमध्ये असतो, तो पूर्ण उचला. मग डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स. सिनेमे आणि गाणी शेवटी.

दोन सावधगिऱ्या. डिस्क लावल्यावर 'फॉरमॅट करायचं का?' असा प्रश्न आला तर कॅन्सल. आणि बिटलॉकरची की मागितली तर ती ४८ अंकी असते. बऱ्याचदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली सापडते.

कॉपी होताना डिस्क वारंवार अडकत असेल तर जबरदस्ती नको. जाणकाराला आधी संपूर्ण डिस्कची नक्कल काढायला सांगा, म्हणजे पुढची खटपट नकलेवर होईल.

पायरी ६: आता दुरुस्ती

डेटा हातात आला की निर्धास्त व्हा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा सेटअप बनवा, त्यावरून मशीन सुरू करा आणि दुरुस्तीच्या पर्यायातून स्टार्टअप रिपेअर चालवा. नाही जमलं तर मग फॉरमॅट, खुशाल.

यूट्यूबवर बरेच जण पहिल्यांदाच 'चेकडिस्क' चालवायला सांगतात. त्याची पूर्ण तपासणी डिस्कचा कानाकोपरा वाचते. मरणासन्न डिस्कला ते झेपत नाही. डेटा घेतल्याशिवाय ती कमांड चालवायची नाही.

मशीन सुरू झालं की क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून बघा. 'गुड' दिसलं तर ठीक. 'कॉशन' दिसलं तर त्या डिस्कवर हिशोब ठेवू नका, नवी घ्या. 'बॅड'बद्दल बोलायलाच नको.

आणि २० तारखेचं काय?

घाई तिच्यामुळेच होते ना? तर ऐका. रिटर्न पोर्टलवर भरायचं असतं, तुमच्या मशीनवर नाही. तुम्ही दर महिन्याला रिटर्न भरत असाल आणि ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरला असेल, तर विक्रीचे आकडे पोर्टलवर आहेत. खरेदीचं क्रेडिट जीएसटीआर-२बी मध्ये आहे. ३बी मध्ये हे आकडे आपोआप येतात. सीएंच्या ऑफिसात बसून, खरेदीच्या कागदी बिलांशी ताळा करून ते भरता येतं. आणि अगदीच एक-दोन दिवस उशीर झाला तरी लेट फी दिवसाला ५० रुपये, व्यवहारच नसेल तर २० रुपये, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. हे टाळायलाच हवं, पण यासाठी पाच वर्षांचा हिशोब पुसू देणं हा तोट्याचा सौदा आहे.

टेक्निशियनला हे तीन प्रश्न विचारा

१. बायोसमध्ये डिस्क दिसते का?
२. डिस्कची हेल्थ काय आहे?
३. डेटा आधी कुठे काढून ठेवणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "शेठ, सी ड्राइव्हच उडवतो, डी तसाच राहील" असं आलं, तरी हो म्हणू नका. डिस्कच आजारी असेल तर सी काय आणि डी काय, दोन्ही एकाच घरात राहतात. डेटा दुसऱ्या डिस्कवर गेलेला डोळ्यांनी बघा, टॅली उघडून मागच्या आठवड्याचं एक बिल तपासा, मगच पुढे.

आजचा गृहपाठ

बॅकअपचा साधा नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर. आपल्यासाठी याचा अर्थ: एक मशीनमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, एक गुगल ड्राइव्हवर. रोज गल्ला मोजल्यावर टॅलीचा बॅकअप घ्यायचा. आणि बाहेरची डिस्क कायम मशीनला लावून ठेवायची नाही, काम झालं की काढून कपाटात.

महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडूनही बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

केबल आणि सेल बदलण्याची कृती व्हिडिओत हळूहळू दाखवली आहे. बघा, आणि शेजारच्या दुकानदारालाही पाठवा. भेटूया पुढच्या भागात!