रक्तदाब जास्त आणि पोटॅशियम कमी? कारण ॲड्रिनल ग्रंथीत असू शकते

उच्च रक्तदाबाच्या बहुतेक रुग्णांमध्ये एकच एक ठोस कारण सापडत नाही. काही रुग्णांमध्ये मात्र ते सापडते आणि त्यावर नेमके उपचारही करता येतात. ॲड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त स्रवणे, हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण. १९५५ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेरोम कॉन यांनी या आजाराचे वर्णन केले. म्हणून त्याला 'कॉन सिंड्रोम' असेही म्हणतात.

अल्डोस्टेरॉनचे काम काय?

दोन्ही मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला एकेक छोटी ॲड्रिनल ग्रंथी असते. तिच्या बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होते. हे संप्रेरक मूत्रपिंडांना मीठ व पाणी राखून ठेवायला आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकायला सांगते. जुलाब-उलट्यांमुळे शरीरातले पाणी कमी झाले की याच संप्रेरकामुळे रक्तदाब सावरतो.

पेशीला कधी काम करायचे ते कसे कळते?

प्रत्येक पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम यांची दारे वेगवेगळी असतात. एरवी ॲड्रिनल पेशीतून थोडे थोडे पोटॅशियम बाहेर झिरपत राहते. त्यामुळे पेशीच्या आत ऋण विद्युतभार टिकतो आणि कॅल्शियमची दारे बंद राहतात. ही पेशीची विश्रांतीची अवस्था.

रक्तदाब घटला की शरीरात अँजिओटेन्सिन वाढते आणि ते पोटॅशियमची दारे बंद करते. रक्तात पोटॅशियम वाढले, तरी पेशीतून बाहेर पडणारे पोटॅशियम कमी होते. दोन्ही वेळी आतला ऋणभार घटतो, कॅल्शियमची दारे उघडतात आणि कॅल्शियम आत शिरते. हा इशारा मिळताच पेशी अल्डोस्टेरॉन बनवू लागते. गरज संपली की काम थांबते.

दार बिघडले तर?

ॲड्रिनलमधील काही छोट्या, कर्करोग नसलेल्या गाठींमध्ये पोटॅशियमच्या दाराच्या जनुकात बदल झालेला असतो, हे २०११ मध्ये संशोधकांनी दाखवले. अशा दारातून सोडियमही आत घुसते. परिणामी कॅल्शियमचा इशारा चालूच राहतो आणि गरज नसताना अल्डोस्टेरॉन तयार होत राहते. काही गाठींमध्ये कॅल्शियमचे दारच बिघडलेले असते. हा बदल बहुतेक वेळा फक्त गाठीतच असतो, त्यामुळे तो सहसा मुलांमध्ये उतरत नाही. फार थोड्या कुटुंबांत आजार आनुवंशिक असतो.

तपासणीबद्दल डॉक्टरांना कधी विचारावे?

• तीन औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात नसेल
• पोटॅशियम ३.५ पेक्षा कमी असेल. स्नायूंत अशक्तपणा, पायात गोळे, वारंवार लघवी हे त्रास असतील
• चाळिशीच्या आत रक्तदाब सुरू झाला असेल
• सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये ॲड्रिनलची गाठ दिसली असेल

लक्षात ठेवा, बऱ्याच रुग्णांत पोटॅशियम नॉर्मलच असते. केळी, नारळपाणी घेऊन पोटॅशियम थोडे वाढले, तरी मूळ कारण तसेच राहते.

तपासणी आणि उपचार

पहिली तपासणी रक्ताची असते. तीत अल्डोस्टेरॉन व रेनिन यांचे प्रमाण पाहतात. काही औषधांमुळे निकाल बदलतो, म्हणून सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. गरजेनुसार पुढे सीटी स्कॅन आणि ॲड्रिनलच्या शिरांतील रक्ताची तपासणी करतात.

दोष एकाच ग्रंथीत असेल, तर दुर्बिणीद्वारे ती ग्रंथी काढता येते. त्यानंतर अनेकांचा रक्तदाब नॉर्मल होतो किंवा औषधे कमी होतात. दोष दोन्हीकडे असल्यास स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन या गोळ्या देतात. त्या अल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखतात. या गोळ्या चालू असताना पोटॅशियम जास्त वाढू शकते. म्हणून ते वेळोवेळी तपासा आणि कमी सोडियमचे मीठ विचारल्याशिवाय वापरू नका.

निदान लांबले तर हृदय, मेंदू व मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका साध्या रक्तदाबापेक्षा जास्त असतो. त्यामुळे वरीलपैकी काही लागू होत असेल, तर पुढच्या भेटीत जरूर विचारा. चालू औषधे मात्र स्वतःहून बंद करू नका.