तीन कागद, एक मूल

मुलांच्या मनाची स्थिती तपासण्यासाठी हल्ली शाळांमधून जे कागद वाटले जातात, ते दिसायला अगदी साधे असतात. एका बाजूला विधानं, समोर तीन चौकटी : ‘खरं नाही’, ‘थोडंफार खरं’, ‘अगदी खरं’. मुलानं स्वतःचा विचार करायचा आणि खूण करायची. याला स्वनिवेदन प्रश्नावली म्हणतात. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली ‘स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर’ ही त्यांतली जगभर वापरली जाणारी एक. तीत गेल्या सहा महिन्यांबद्दल २५ विधानं आहेत. भावनिक त्रास, वर्तनातल्या अडचणी, चंचलपणा, सवंगड्यांशी असलेलं नातं आणि दुसऱ्याला मदत करण्याची वृत्ती असे पाच गट. प्रत्येकात पाच विधानं. पहिल्या चार गटांची बेरीज ० ते ४० यांच्या दरम्यान येते. हाच मजकूर थोड्या फरकानं पालकांना आणि शिक्षकांनाही देता येतो. मुलाला स्वतःचा कागद मिळतो तो साधारण अकराव्या वर्षापासून.

शाळांमधून समुपदेशनाचं काम करताना हे तीन कागद मी शेजारी-शेजारी ठेवून पाहते. ते क्वचितच जुळतात. आई म्हणते, घरी सगळं ठीक आहे. वर्गशिक्षक म्हणतात, लक्ष नसतं. आणि मुलीनं मात्र भावनिक त्रासाच्या पाचांपैकी चार विधानांसमोर ‘अगदी खरं’ अशी खूण केलेली असते. अशा वेळी मोठ्यांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘तिला प्रश्नच कळले नसतील.’

संशोधन वेगळं सांगतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. दोन माणसांची उत्तरं तंतोतंत जुळली तर सहसंबंध १, काहीच मेळ नसला तर ०. आई आणि वडील अशा एकाच नात्यातल्या जोड्यांमध्ये तो सरासरी ०.६० निघाला. मूल स्वतःबद्दल जे सांगतं आणि इतर त्याच्याबद्दल जे सांगतात, त्यांत अवघा ०.२२. पुढे २०१५ मध्ये ३४१ अभ्यासांचा असाच आढावा घेतला गेला, तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं.

याचा अर्थ कुणीतरी खोटं बोलतं असा नाही. प्रत्येकजण मुलाला वेगळ्या जागी पाहतो. वर्गातली चुळबुळ, मारामारी, उलट उत्तरं बाईंना दिसतात; मुलाला स्वतःला ती तितकी जाणवत नाहीत. उलट, रात्री अंथरुणावर पडल्यावर येणारी भीती बाहेर कुणालाच दिसत नाही. तिचा साक्षीदार एकच, तो मुलगा. म्हणून तीन कागदांची सरासरी काढून मोकळं होणं मला पटत नाही. जिथे ते जुळत नाहीत, तिथेच विचारण्यासारखं काहीतरी असतं.

दुसरी अडचण भाषेची. अशा बहुतेक प्रश्नावल्या मूळ इंग्रजीत बेतलेल्या. आपल्याकडे ‘काळजी’ हा शब्द चिंतेसाठीही आहे आणि मायेनं जपण्यासाठीही. ‘मी खूप काळजी करतो’ या विधानाला एखादा गुणी मुलगा धाकट्या बहिणीची आठवण होऊन अभिमानानं होकार देईल. वसतिगृहातलं मूल ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत नाही. ते म्हणतं, ‘करमत नाही.’ आणि पुष्कळ मुलांचं दुःख पोटात दुखण्यातून बोलतं. गुडमन यांच्या प्रश्नावलीत डोकेदुखी-पोटदुखीचं विधान भावनिक त्रासाच्या गटात आहे, ते याचसाठी. भाषांतर केल्यावर दहा-बारा मुलांना प्रत्येक ओळ त्यांच्या शब्दांत सांगायला लावावी. शब्दकोशात सापडत नाही ते तिथे सापडतं.

तिसरी गोष्ट आकड्यांची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. तिथे प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या होत्या. आता हिशेबापुरतं धरू की एका शाळेत १,००० मुलं आहेत आणि त्यांतल्या ७० जणांना खरोखर त्रास आहे. प्रश्नावली ८० टक्के त्रस्त मुलांना अचूक ओळखते आणि ८० टक्के निरोगी मुलांना अचूक वगळते, असंही मानू. तर ७० पैकी ५६ मुलं सापडतील. पण उरलेल्या ९३० पैकी १८६ जणांवरही नाहक बोट ठेवलं जाईल. म्हणजे यादीतल्या २४२ मुलांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक मुलांना तो आजार नाही, आणि १४ आजारी मुलं यादीबाहेरच राहिली. म्हणून अशा यादीला निदान म्हणू नये. कुणाशी आधी बोलायचं, एवढंच ती सांगते.

आणि बोलायला माणूस लागतं. मुलं कागद हातात घेतल्यावर पहिल्यांदा विचारतात, ‘हे कोण वाचणार?’ या प्रश्नाचं उत्तर खरं द्यावं लागतं. गठ्ठा वर्गाच्या टेबलावर पडून राहणार असेल, तर मुलं शहाणी असतात. सगळ्या खुणा एकाच रांगेत करून मोकळी होतात. मारिया कोवॅक्स यांच्या बालनैराश्य प्रश्नावलीत २७ प्रश्न आहेत आणि त्यांतला एक जीव द्यावासा वाटण्याबद्दल आहे. जो असा प्रश्न विचारतो, त्यानं उत्तर त्याच दिवशी, मूल घरी जाण्याआधी वाचलं पाहिजे. अहवाल महिन्याभरानं येणार असेल, तर तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही.

शाळेत अशी तपासणी होणार असल्याची चिठ्ठी घरी आली, तर पालकांनी प्रश्नावलीच्या नावापेक्षा एक गोष्ट विचारावी : माझ्या मुलानं ‘हो’ म्हटलं, तर त्याच्याशी कोण बोलणार, आणि कधी?